बुजवलेल्या खिडकीचा फोटो

एका घराचे मी आत्तापर्यंत तीनदा फोटो काढलेत. पहिल्या दोन वेळचे फोटो सगळ्यांना आवडले, निळं आकाश, सरळ रेषा, दरवाजा बरोबर मधोमध, आणि मलाही वाटलं की झालं या घराचं काम. तिसऱ्यांदा गेले ते जूनमध्ये, सकाळी अगदी लवकर, ते पण मुद्दाम नाही, वाटेत होतं म्हणून थांबले. त्या घराची दर्शनी भिंत उत्तरेला आहे त्यामुळे ती बहुतेक वेळ सावलीत आणि एकसारखी पांढरी दिसते. त्या दिवशी मात्र ऊन भिंतीला अक्षरशः घासून चाललं होतं, गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा, थापीचा प्रत्येक फटका वर आला होता आणि दरवाजाच्या डावीकडे, जिथे नुसती कोरी भिंत आहे, तिथे एक उभा चौकोन उमटला. वरच्या बाजूला हलकीशी कमान, खाली उंबऱ्यासारखी एक आडवी रेघ. खिडकी होती तिथे. कोणीतरी कधीतरी बुजवलेली. मी ट्रायपॉड लावेपर्यंत ती निम्मी पुसट झाली होती, सहा फ्रेम मिळाल्या, त्यातल्या दोन बऱ्या आल्या, आणि मग ऊन सरकलं आणि भिंत परत कोरी.

तेव्हापासून माझं घरांकडे बघणं बदललं, खरंच सांगते. घर कधी बांधलं हा प्रश्न आपण लगेच विचारतो आणि एक साल मिळालं की समाधान होतं. पण घराला एक साल नसतं हो. जोतं एका काळातलं, भिंती दुसऱ्या, वरचा मजला नातवंडांच्या वेळी चढवलेला, खिडक्यांच्या काचा परवाच्या, आणि या सगळ्याचे सांधे कुठेतरी दिसत असतात. मला आता फोटोत ते सांधे हवे असतात. सुंदर फोटो आला तर आनंदच आहे, पण सांधा आला नाही तर मला रुखरुख लागते.

उन्हाचं गणित आधी सांगते कारण त्याच्याशिवाय हे होत नाही. साधारण 21 मार्च ते 23 सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडून उगवतो, म्हणून याच महिन्यांत सकाळी उत्तरेकडच्या भिंतीवर तो असा कडेने येतो. बाकी सहा महिने विषुववृत्ताच्या उत्तरेला असलेल्या घरांच्या त्या भिंतीला थेट ऊन शिवतही नाही. भिंतीला जवळजवळ समांतर येणारा हा तिरका उजेड म्हणजे डागडुजी शोधायचं सगळ्यात स्वस्त साधन आहे, समोरून पडलेल्या उन्हात गिलाव्यावरचं ठिगळ दिसतच नाही. पण आख्ख्या इमारतीचा आकार दाखवायचा असेल तर याच्या बरोबर उलटं करावं लागतं. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या असं सगळं कित्येक वर्षं ढगाळ आकाशाखालीच टिपलं, थोड्या उंचीवरून, समोरून, सावलीच पडू न देता, त्यामुळे त्यांच्या वीस टाक्या शेजारी ठेवल्या की फक्त रचनेतला फरक दिसतो. 1990 साली व्हेनिस बिनाले या कलाप्रदर्शनात त्यांना याच कामासाठी शिल्पकलेचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला, फोटोग्राफीचा नाही, शिल्पकलेचा, आणि मला ते फार योग्य वाटतं.

तसंही फोटोग्राफी आणि घरं यांचं नातं अगदी पहिल्यापासूनचं आहे. निएप्स या फ्रेंच संशोधकाने 1826-27 च्या सुमारास जो फोटो घेतला, आज टिकून असलेला कॅमेऱ्यातला सगळ्यात जुना, त्यात त्याच्या खिडकीतून दिसणारी छपरं आणि भिंती आहेत. आणि आज टिकून असलेली सगळ्यात जुनी निगेटिव्ह, 1835 मधली, ती तर खिडकीचीच आहे, फोटोग्राफीचा इंग्लंडमधला एक जनक टॅल्बट, त्याच्या लॅकॉक ॲबी या राहत्या घरातली जाळीची खिडकी, टपाल तिकिटाएवढा कागद. ती नवी असताना आतली तावदानं भिंगातून मोजता यायची असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. इमारतींनाच पहिला मान का मिळाला याचं कारण साधं आहे, एक्स्पोजर इतकं लांब असायचं की हलणारं काही उमटायचंच नाही. फ्रान्समधलाच दुसरा संशोधक दागेर, त्याने 1838 मध्ये पॅरिसच्या रस्त्याचा फोटो घेतला त्यातून सगळी वर्दळ नाहीशी झाली, उरली ती घरं आणि एकाच जागी थांबून बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस.

पुढे 1851 मध्ये फ्रान्समध्ये सरकारच्या स्मारक आयोगाने पाच फोटोग्राफर देशभर पाठवले, बाल्द्यू, बायार, ल ग्रे, ल सेक आणि मेस्त्राल. काम काय, तर ज्या इमारतींची डागडुजी करायची आहे त्यांची आत्ताची अवस्था टिपून आणा. त्यांनी ते केलं, आणि मग ते प्रिंट बराच काळ तसेच दप्तरात पडून राहिले, प्रसिद्ध केलेच नाहीत. पण आज त्यांची किंमत कळते. ल ग्रे आणि मेस्त्राल कार्कासोनला गेले होते, ते तटबंदीचं गाव, जिथले टोकदार छपरांचे बुरूज सगळ्या पोस्टकार्डांवर असतात. व्हियोले ल द्युक या आर्किटेक्टच्या हाताखाली तिथला मोठा जीर्णोद्धार त्यानंतर झाला, त्या बुरुजांवरच्या टोप्या त्यातल्याच. 1851 च्या फोटोत पडझड झालेले तट दिसतात, त्याला टेकून असलेली वस्ती दिसते. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचंही तसंच, जो उंच टोकदार मनोरा 2019 च्या आगीत कोसळताना आपण सगळ्यांनी बघितला तो 1859 चा होता, त्याआधी कित्येक दशकं तिथे मनोराच नव्हता, आणि तसे बिनमनोऱ्याचे जुने फोटो आहेत. मी ते पहिल्यांदा बघितले तेव्हा काहीतरी कापून टाकल्यासारखे वाटले. मग लक्षात आलं की ते काढणाऱ्यासाठी नोत्र दाम म्हणजे तेच होतं.

आता प्रत्यक्ष काढायचं कसं. माझं म्हणणं असं आहे की आधी पुरावा घ्या आणि मग सौंदर्याच्या मागे लागा, कारण उजेड चांगला असला की आपण हमखास सौंदर्याच्या मागे धावतो आणि मागची भिंत राहून जाते. मी पोचल्यावर आधी कॅमेरा न काढता घराभोवती एक चक्कर मारते, जिथपर्यंत जाता येतं तिथपर्यंत. मग चारही बाजू सरळ समोरून, मग चारही कोपऱ्यांतून, म्हणजे दोन भिंती एका फ्रेममध्ये येतील असं, मग दरवाजा, जिना, छपराची कड, पन्हळ जिथे भिंतीला मिळते ती जागा, जोतं जमिनीला टेकतं ती जागा. शेवटच्या दोन जागा कोणी काढत नाही आणि घराचं दुखणं तिथेच सुरू होतं, पाण्यामुळे.

इमारत मागे पडतेय असं दिसतं ते आपण कॅमेरा वर उचलतो म्हणून. सेन्सर भिंतीला समांतर राहिला की उभ्या रेषा उभ्याच राहतात, तिरका झाला की वर जाऊन जवळ येतात, बस एवढंच आहे ते. जुन्या बेलोज म्हणजे भात्याच्या कॅमेऱ्यात पुढची लेन्सच वर सरकवता यायची, आजची शिफ्ट लेन्स तेच करते, पण ती महाग असते आणि नसली तरी अडत नाही. लांब जा, थोडं उंचावर जा, समोरच्या जिन्यावरून मिळतंय का बघा, कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवा आणि खालची जास्तीची जमीन नंतर क्रॉप करा. सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतं पण खूप ओढलं तर वरचा मजला प्रमाणाबाहेर ताणला जातो, आणि ज्या घराचं सगळं सौंदर्य प्रमाणात आहे त्याचं ते करणं मला बघवत नाही. अगदी वाइड लेन्सचंही तेच, छोटी खोली दिवाणखाना होते, जाहिरातीला ठीक असेल, घराच्या नोंदीला नाही. लांबलचक भिंत एका फ्रेममध्ये बसत नसेल तर भिंतीला समांतर चालत जाऊन थोडे थोडे एकमेकांवर येतील असे फोटो घ्या. लिनियस ट्राइप या ब्रिटिश फोटोग्राफरने 1858 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरचे शिलालेख असेच टिपले, 21 प्रिंट शेजारी शेजारी जोडून साधारण 19 फूट लांबीची पट्टी केली, तेही कागदी निगेटिव्हवर. आपल्या हातात काय काय साधनं आहेत आणि आपण कंटाळा करतो.

जवळून बघण्यासारख्या दोन गोष्टींवर माझा विशेष जीव आहे, विटा आणि काच. विटांची भिंत दिसली की मी आधी बघते विटेची लांब बाजू आणि आखूड बाजू कशा क्रमाने येतायत. एक ओळ सगळी लांब आणि एक ओळ सगळी आखूड असेल तर तो इंग्लिश बाँड, एकाच ओळीत एक लांब एक आखूड असं असेल तर फ्लेमिश, दोन्हींत आखूड बाजू दिसते म्हणजे ती वीट साधारणपणे भिंतीच्या जाडीत आत गेलेली असते, भिंत भरीव असते. आणि सगळीकडे फक्त लांबच बाजू दिसत असेल तर बहुतेक वेळा ती एकेरी विटेची पातळ भिंत असते, मागे पोकळी किंवा वेगळंच काहीतरी. एकाच भिंतीत मध्येच हा क्रम बदलला की समजायचं इथे काहीतरी जोडलंय किंवा इथली जागा भरून काढलीय. त्या ठिकाणी मी कॅमेरा भिंतीला काटकोनात धरते आणि फ्रेममध्ये पट्टी ठेवते, साधी मोजायची पट्टी, म्हणजे वीस वर्षांनी कोणालाही त्या विटेची उंची काढता येईल.

काच तर फोटोत आपोआप बोलते. जुनी काच फुंकून केलेली असायची, नळकांडं फुंकून ते उभं कापून सपाट करायचं किंवा थाळीसारखं फिरवून पसरवायचं, त्यामुळे तिच्यात हलक्या लाटा असतात. पिल्किंग्टन या ब्रिटिश काच कंपनीने 1959 मध्ये फ्लोट काच जाहीर केली, वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून केलेली, ती आरशासारखी सपाट. आता एखाद्या घराच्या खिडक्यांत समोरच्या झाडाचं प्रतिबिंब बघा, एका तावदानात फांदी सरळ आणि शेजारच्यात वाकडीतिकडी थरथरल्यासारखी असेल तर ते वाकडं तावदान जुनं असण्याची शक्यता खूप आहे. म्हणून अशा वेळी पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, काढून ठेवा, प्रतिबिंब घालवू नका. (जुनी काच शतकानुशतकं खाली ओघळत गेल्यामुळे तळाशी जाड होते असं अजूनही बरेच जण सांगतात, ते खरं नाही, काच बनवतानाच जाडी कमीजास्त यायची.)

पण हे वाचन करताना घाई करायची नाही हे मी शिकतेय. इंग्लंडमधल्या जुन्या घरांवर बुजवलेल्या खिडक्या दिसल्या की लोक लगेच खिडकी कराची गोष्ट सांगतात. तो कर खराच होता, 1696 ला लागला आणि 1851 ला उठला, जितक्या खिडक्या जास्त तितका कर जास्त, आणि लोकांनी खिडक्या बुजवल्याही. तरीपण त्यातल्या बऱ्याच खिडक्या कधी उघड्या नव्हत्याच, बांधतानाच आत चूल किंवा भिंत येत होती आणि बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून खिडकीच्या आकाराचा कोनाडा ठेवलेला. फरक कळायचा तर परत सांधा बघायचा. खिडकी नंतर बुजवली असेल तर भरलेल्या विटा कडेच्या विटांत गुंफलेल्या नसतात, सरळ उभी फट राहते. माझ्या त्या चौकोनाला गिलाव्याखाली अशीच सरळ उभी कड होती, पण गिलावा काढून बघायचा मला काय अधिकार, म्हणून प्रश्न तसाच राहिला. त्याच्याकडे येतेच.

काही घरांच्या बाबतीत फोटोच घरापेक्षा मोठा होतो. लॉस एंजेलिसच्या टेकडीवरचं आर्किटेक्ट पिएर कोनिगचं स्टाल हाउस, 1960 मध्ये पूर्ण झालेलं, ज्युलियस शुलमनने काढलेला त्याचा रात्रीचा फोटो तुम्ही नक्की बघितला असेल, काचेच्या खोलीत दोन मुली बसल्यात आणि खाली सगळं शहर दिव्यांनी उजळलंय. शहराच्या दिव्यांसाठी कित्येक मिनिटांचं एक्स्पोजर आणि आतल्या मुलींसाठी शेवटी फ्लॅश, एकाच निगेटिव्हवर. लोक ते घर बघायला जातात ते खरं म्हणजे तो फोटो बघायला जातात. आणि बार्सिलोनाचा जर्मन पॅव्हिलियन, मीस व्हान डेर रोह आणि लिली राइख यांनी आखलेला, तो 1929 च्या प्रदर्शनासाठी उभारला आणि 1930 मध्ये उतरवूनही टाकला. पुढची पन्नासेक वर्षं जगभरच्या आर्किटेक्टना तो माहीत होता तो मुख्यतः मोजक्या काळ्यापांढऱ्या फोटोंमुळे. 1983 ते 1986 मध्ये त्याच जागी तो परत बांधला, फोटो, नकाशे आणि जुन्या पायाचे अवशेष बघून. आणि लोक दचकले कारण त्यात रंग होते, सोनेरी तांबूस ऑनिक्स, हिरवे संगमरवर, लाल पडदा. त्या करड्या फोटोंनी इमारत जिवंत ठेवली आणि तिचा रंग मात्र पन्नास वर्षं लपवून ठेवला. म्हणून मी आता प्रत्येक घराच्या एका फ्रेममध्ये रंगांचं कार्ड धरते, दहा सेकंद लागतात.

रिचर्ड निकेलबद्दल लिहिल्याशिवाय मला हा विषय सोडवत नाही. शिकागोमध्ये विद्यार्थी असताना त्याच्या वर्गाला ॲडलर आणि सलिव्हन या आर्किटेक्टच्या जोडीने बांधलेल्या इमारतींचे फोटो काढायचं काम मिळालं, आणि बाकीच्यांचं काम संपलं तरी त्याचं संपलं नाही. त्या इमारती एकेक करून पाडल्या जात होत्या. 1960 मध्ये गॅरिक थिएटर वाचवायला तो फलक घेऊन रस्त्यावर उभा राहिला, ते वाचलं नाही, मग तो पाडकाम चालू असताना आत जाऊन फोटो काढायचा आणि नक्षीचे तुकडे सोडवून आणायचा. 13 एप्रिल 1972 ला तो शिकागो स्टॉक एक्स्चेंजच्या अर्धवट पाडलेल्या इमारतीत गेला आणि आतला भाग त्याच्यावर कोसळला. त्याचा देह सापडायला जवळजवळ चार आठवडे लागले. त्या इमारतीचा ट्रेडिंग रूम 1977 मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये परत उभा केला, वाचवलेल्या तुकड्यांवरून, आणि दरवाजाची कमान बाहेर उभी आहे. मी त्याचे फोटो बघते तेव्हा त्यात उघडे पडलेले गर्डर, लोंबणारं प्लास्टर आणि त्याच्यामध्ये अजून शाबूत असलेली एखादी नक्षीची पट्टी असते, आणि कॅमेरा अगदी स्थिर, सरळ, घाई नाही. पडणाऱ्या इमारतीत उभं राहून इतका सरळ फोटो काढणं म्हणजे काय असेल. (अशा इमारतीत एकटं जाऊ नका, कोणत्याही फोटोसाठी नाही. हे मी अगदी मनापासून सांगते.)

ज्या फोटोखाली काही लिहिलेलं नाही तो फोटो दहा वर्षांत मुका होतो. अमेरिकेत 1933 मध्ये बेकार झालेल्या आर्किटेक्टना हाताशी धरून ऐतिहासिक इमारतींची नोंद करायचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, हॅब्स म्हणतात त्याला, त्यात मोजून काढलेले नकाशे, मोठ्या निगेटिव्हवरचे फोटो आणि लेखी इतिहास हे तिन्ही एकत्र ठेवतात, आणि ते सगळं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कोणालाही बघता येतं. ही तीन पायांची पद्धत मला फार पटते. मी नकाशा काढू शकत नाही पण तारीख, वेळ, कॅमेरा कुठल्या दिशेला होता, कोणती बाजू, एवढं त्याच संध्याकाळी लिहिते. राहत्या घराचं असेल तर आत राहणाऱ्यांना आधी विचारते, आतले फोटो त्यांना दाखवल्याशिवाय कुठे टाकत नाही आणि लोकेशनची माहिती फाइलमधून काढून टाकते. विचारल्याने कोणी रागावलंय असं फार कमी वेळा झालंय, उलट विचारल्यामुळेच दार उघडतं.

तर ती खिडकी. ते दोन फोटो छापून घेऊन मी त्या घरी गेले, दार उघडलं त्या साधारण ऐंशीच्या असतील, मी म्हटलं काकू, तुमच्या या भिंतीत एक खिडकी आहे, होती, मला नक्की माहीत नाही. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, ही तर आमच्या अभ्यासाची खिडकी." आत जाऊन एक अल्बम घेऊन आल्या. त्यात एक फोटो, चार मुलं ओळीने उभी, ऊन डोळ्यावर आल्यामुळे सगळ्यांचे डोळे बारीक केलेले, कोणी काढलाय ते लिहिलेलं नाही, कोणाला भिंतीशी काही घेणंदेणं नव्हतं, आणि मुलांच्या मागे ती खिडकी, उघडी. वर हलकी कमान, लाकडी झडपा, डावी झडप बाहेर उघडलेली आणि तिची वरची बिजागरी स्पष्ट दिसतेय. मी अल्बममधल्या त्या फोटोचा फोटो घेतला, त्यांना विचारून, खिडकीच्या उजेडात, चकाकी येऊ नये म्हणून थोडा तिरका उजेड घेऊन. मागे पेन्सिलीने साल लिहिलेलं होतं तेही वेगळं टिपलं.

खिडकी का बुजवली ते त्यांना आठवत नाही, पाऊस आत यायचा असं काहीतरी म्हणाल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या की नाही, ते मागच्या खोलीचं. निघताना आम्ही दोघी भिंतीपाशी गेलो. अल्बममधल्या फोटोवरून अंदाज घेतला आणि कमानीच्या डाव्या टोकाखाली मी हात फिरवला, रंगाच्या कित्येक थरांखाली लोखंडाचा एक टोचणारा उंचवटा लागला. काकूंनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःचा अंगठा तिथे ठेवला.